हडळीच्या डोळ्यातला ठिपका

पेणजवळच्या जोह्यात महिपतीला नावं ठेवणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नसे. एस्टीतून उतरून पहिल्या दिसेल त्याला विचारलं तरी काम भागे. पण तोंडावर कुणी बोलत नसे, कारण मुंबईपुण्याचे व्यापारी कमळाकरच्या गणपतींच्या कारखान्यात शिरले की आधी विचारत, "महिपतीच्या हातचे डोळे कुठल्या रांगेत?" गणपती साच्यातून निघतो, वाळतो, त्याला पॉलिश पेपर मारतात, रंग देतात आणि सगळं आटोपल्यावर डोळे काढतात. याला आखणी म्हणतात. कमळाकरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं ही आखणी एकट्या महिपतीने केली होती, आणि पस्तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हाताला बरं म्हणावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

रंगारी म्हणजे त्याच्या मते चुना फासणारे. साचेवाले म्हणजे विटा पाडणारे. व्यापारी तर मूर्ती अशा निवडतात जशा बाजारात काकड्या, दाबून बघायच्या तेवढ्या राहिल्या. पेणच्या कारखान्यांतले नामांकित आखणीवाले? "ते डोळे नाय काढत, चष्मे काढतात," असं तो म्हणे, आणि विडीचा धूर त्या नामांकितांच्या दिशेने सोडे. माणूस शहाणा होता यात वाद नाही. पण शहाणपणाला एवढी धार लावली की ते धरणाऱ्यालाच कापतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याने सांगणाऱ्याचीच अक्कल काढली असती.

त्याच्या या तुसडेपणात एक जागा मात्र मऊ होती, आणि ती एका हडळीने अडवलेली होती.

झालं असं की एकोणीसशे एकोणनव्वद साली तो बहिणीकडे, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावी, गेला होता. मेव्हणा कान्हू त्याला पूल ओलांडून रोह्याला व्हिडिओवर घेऊन गेला. पाटीवर हाणामारीचा हिंदी पिक्चर लिहिला होता, पण मशीनवाल्याने घाईत भलतीच कॅसेट लावली. काळापांढरा पिक्चर, कुठल्या मुलखातला देव जाणे, भाषा घशात काटा अडकल्यासारखी. बर्फ पडतंय, पिठाची चक्की आहे, चक्कीवाल्याच्या घरात एक बाई भाड्याने राहायला येते. ती बाई शंभर वर्षांपूर्वी मेलेली आणि माणसांचं रक्त पिऊन टिकलेली. दहा मिनिटांत लोकांनी शिट्ट्या मारल्या, वीस मिनिटांत पैसे परत मागितले, अर्ध्या तासात बाकडी रिकामी झाली. कान्हू बाहेर जाऊन भजी खाऊन आला. महिपती जागचा हलला नाही.

कारण त्याला तिचे डोळे दिसले होते. जिवंत माणसाच्या डोळ्यात उजेडाचा एक पांढरा ठिपका असतो. समोर खिडकी असो, कंदील असो, नाहीतर नुसतं आभाळ, बाहुलीवर तो ठिपका पडतोच. महिपतीला आखणी शिकवणारा सखा मास्तर त्या ठिपक्याला 'जीव' म्हणायचा. भुवई काढली, पापणी काढली, बुबुळ भरलं, तरी मूर्ती आंधळीच असते. मग ब्रशच्या चार केसांवर पांढरा रंग घेऊन श्वास रोखून तो ठिपका दिला की गणपती समोरच्याकडे बघतो. आणि इथे या पिक्चरात बाकीच्या सगळ्यांच्या डोळ्यांत ठिपका होता, अगदी चक्कीवाल्याच्या कुत्र्याच्यासुद्धा, पण त्या बाईच्या डोळ्यांत नव्हता. कुण्या परदेशातल्या सख्या मास्तरने दिवे असे लावले होते की तिच्या डोळ्यांत उजेड पोचूच नये. दोन तास ती हसते, बोलते, चक्कीवाल्याच्या पोरीची वेणी घालते, आणि डोळे मेलेले. शेवटी त्या पोरीचा हात सुरीने कापतो, रक्त येतं, आणि बाई ते पीत नाही. उठते, सकाळच्या उन्हाची खिडकी उघडते आणि तिथेच उभी राहते. ऊन लागलं की ती जळणार हे तिला माहीत असतं. आणि जळायच्या आधी क्षणभर तिच्या डोळ्यांत ठिपका येतो.

महिपती त्या बाकड्यावर रडला. बापाच्या तेराव्यालाही तो रडला नव्हता.

मशीनवाल्याला ती कॅसेट नकोच होती. महिपतीने ती घरी आणली, पुढे पेणला तिची सीडी करून घेतली, आणि तेव्हापासून गावाच्या मागे हात धुवून लागला. "पिक्चर बघ. असला परत व्हायचा नाय," असं तो एस्टीच्या कंडक्टरलाही सांगे. काय बघायचं ते मात्र सांगत नसे. सांगून दिसलं तर त्यात बघणाऱ्याचं काय? लोक सीडी नेत आणि परत आणून देत, आणि दाराशी त्यांची परीक्षा होई. "काय दिसलं?"

गावाला काय दिसायचं? गावाला पाय दिसले. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि या बाईचे पाय दोन तास सरळच्या सरळ. कारखान्यातला रघू रंगारी तर सीडी परत देताना रागावला होता. "दादा, फसवलंय तुमाला. ही हडळ नायच. पाय बघितलात काय? सपाता घालून फिरते." शाळेतल्या मास्तरांनी हा भांडवलशाहीवरचा पिक्चर आहे असं ठरवलं. कान्हूने दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा झोपला. हौसा नावाची शेजारीण म्हणाली, बाईला भाडं परवडत नसेल म्हणून ती रात्रीची बाहेर जात असेल. महिपती प्रत्येकाकडून सीडी अशी काढून घेई जशी तिला घाण लागली आहे, आणि धोतराच्या सोग्याने पुसून कपाटात ठेवी. गाढवाला गुळाची चव काय, असं तो त्या माणसाची पाठ पुरती वळायच्या आतच म्हणे.

दोन हजार सहाच्या पाडव्याला कमळाकर त्याच्या घरी आला. कमळाकर कारखान्याचा मालक, पण महिपतीपुढे त्याने कधी खुर्ची घेतली नाही, ओटीवरच बसला.

"महिपतदा, यंदा हात तयार करा कुणाचा तरी. मी दोन वर्सं सांगतोय."

"हात बाजारात मिळतात काय?"

"नाय ना मिळत. म्हणून सांगतो. मुंबईचा एक माणूस डोळ्यांचे स्टिकर छापून देतो म्हणालाय. एक रांग तशी करून बघू म्हणतो. तुम्ही कुणाला शिकवलंत तर नाय घेणार."

स्टिकर हा शब्द ऐकून महिपतीच्या अंगावर काटा आला. गणपतीच्या तोंडावर बिस्किटाच्या पुड्यासारखा कागद चिकटवायचा. सखा मास्तरने त्याला दिलेला हात त्याच्याबरोबर सरणावर जाणार आणि जोह्यातून आंधळे गणपती बाहेर पडणार. त्याने कमळाकरला मुदत मागितली. आखणी आषाढात सुरू व्हायची, तोवर माणूस देतो म्हणाला. माणूस कसा निवडायचा हे त्याच्या लेखी आधीच ठरलेलं होतं. ज्याला पिक्चरमधला ठिपका दिसेल त्याच्या हातात ब्रश. ज्याला दिसणार नाही त्याने भिंती रंगवाव्यात.

"घरात सून हाय ना," कमळाकर उठता उठता म्हणाला. "जनीचा हात हलका हाय. पॉलिश पेपर मारते तर सोंडेला ओरखडा नाय पडत."

महिपती हसला. जनी म्हणजे त्याच्या मुलाची, जगनची, बायको. जगन कंपनीत शिफ्टला जाई आणि जनी सासऱ्याबरोबर कारखान्यात. ती गडब गावच्या भातशेती करणाऱ्या घरातली, दिवसभर बडबड आणि संध्याकाळी टीव्हीवर सासवासुनांच्या मालिका. "ती बघते त्यात डोळे नसतात, नुसतं काजळ असतं," असं म्हणून महिपतीने तो विषय तिथेच मिटवला. सूनबाई आत चहा गाळत होती आणि तिला ते ऐकू गेलं. तिने चहात साखर कमी घातली, एवढंच.

मग महिनाभर परीक्षा चालल्या. आता महिपती सीडी कुणाला नेऊ देत नसे. उमेदवाराला दुपारी घरी बोलवी, टीव्हीसमोर बसवी आणि आपण बाजूला, टीव्हीकडे पाठ करून बसे. पिक्चर त्याला पाठ होता. तो बघणाऱ्याचं तोंड बघे. शेवटच्या खिडकीच्या वेळी तोंडावर काही हललं का, एवढंच त्याला हवं होतं. हलायचं काय, तर जांभई. रघू पुन्हा आला आणि पुन्हा पायांवर गेला. दोघे कारागीर अर्ध्यात उठले. एकाने "छान हाय, दादा" म्हटलं, आणि त्याच्या वाट्याला सगळ्यांत जास्त शिव्या आल्या.

शेवटी विठू आला. पेणचा, चित्रकलेचा डिप्लोमा झालेला, केस मानेपर्यंत. त्याला कमळाकरनेच धाडला होता. विठूने पिक्चर वहीत टिपणं घेत बघितला. गिरजाबाई, महिपतीची बायको, आणि जनी मागे वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यातून काढायचे, बोटात दाबायचे, साल इकडे डाळ तिकडे. परातीत टपटप चालली होती. महिपतीने दोनदा वळून डोळे वटारले, पण बिरड्याला थांबवता येत नाही.

पिक्चर संपला. "काय दिसलं?" महिपतीने विचारलं.

विठूने वही उघडली. बर्फ हे एकटेपणाचं प्रतीक आहे, चक्की हे काळाचं प्रतीक आहे, बाई म्हणजे युरोपचा इतिहास आहे. तो पाऊण पान बोलला. महिपती शांतपणे ऐकत होता, आणि तो शांत असला की ती वाईट खूण असे.

"डोळ्यांचा डिप्लोमा मिळतो काय रे पेणला?" तो म्हणाला. "मिळत असला तर तो आधी घे."

विठू लाल झाला आणि वही पिशवीत कोंबू लागला. तेवढ्यात मागून, वाल सोलता सोलता, मान वर न करता जनी म्हणाली, "पण मामा, त्यांचा ठिपका चुकलाय."

महिपतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय चुकलंय?"

"बाईच्या डोळ्यातला. सगळ्या पिक्चरात नाय, आणि शेवटाला येतो तो. ऊन खिडकीतनं येतंय आपल्या डाव्या हाताला, आणि ठिपका पडलाय डोळ्याच्या उजव्या कडेला. तसा कसा पडेल? ज्या अंगाला उजेड त्याच अंगाला ठिपका. तुमी गणपतीला तसाच देता ना." ती वाल दाबता दाबता थांबली. "देत होता."

सतरा वर्षं ज्या गोष्टीसाठी त्याने अख्ख्या तालुक्याची लाज काढली, ती त्याच्या सुनेने बिरडं सोलताना उचलून पुढ्यात टाकली होती, वर त्यात खोटही काढली होती. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आधी राग आला, तोही पिक्चरच्या बाजूने. त्या परदेशातल्या मास्तराची चूक काढणारी ही कोण?

"पिक्चर आवडला तुला?" त्याने दरडावून विचारलं.

"नाय बा. मधी डुलकी लागली मला. ती बाई नुसती बघतच राहते. पण ठिपका दिसला, त्यात काय एवढं? दिसतोच की."

"उजव्या कडेला नाय. मधोमध हाय. दाखवतो तुला," महिपती म्हणाला आणि उठला.

त्याने सीडी पुन्हा लावली, शेवटावर आणली आणि पहिल्यांदाच, कितीतरी महिन्यांनी, कदाचित वर्षांनी, टीव्हीकडे तोंड करून बसला. खिडकी उघडली. उन्हाचा पांढरा पट्टा त्याला दिसला. बाईचं तोंड दिसलं, राखाडी, कडेला धुरकट. डोळ्यांच्या जागी दोन काळपट डाग होते. त्यांत काही नव्हतं. तो पुढे सरकला. चष्मा पुसला. पडदा पुसला. सीडी खराब झाली असेल म्हणून ती काढून पुसली आणि परत लावली. खिडकी उघडली, बाई उभी राहिली, जळून गेली. ठिपका नव्हता.

"आता नाय दिसत," तो म्हणाला. "सीडी गेली."

विठू दारात चपला शोधत होता, तो थांबला.

"हाय की अवो," गिरजाबाई हळूच म्हणाली. "मलापन दिसतो. उजव्याच कडेला हाय."

महिपतीने सुनेकडे बघितलं. ती मघाशी काय म्हणाली होती ते त्याला आता ऐकू आलं. "देत होता म्हणजे काय गो?"

जनीने हात पदराला पुसले. मग तिने सांगून टाकलं. दोन वर्षं झाली. आधी एखाद्या मूर्तीचा ठिपका बाहुलीच्या कडेला सरके, मग पांढऱ्या भागावर जाऊ लागला, पांढऱ्यावर पांढरा, म्हणजे नसल्यासारखाच. गेल्या वर्षी रांगेतल्या निम्म्या मूर्तींना जीव नव्हता. ती जेवणाच्या सुट्टीत मागे राही, त्याचा ठिपका पुसे आणि नवा देई. कमळाकरशेठला माहीत होतं, त्यांनीच तिला तसं करायला सांगितलं होतं. रघू ब्रश धुवून ठेवायचा.

"रघूला माहीत हाय?"

"सगळ्या कारखान्याला माहीत हाय, मामा."

सगळ्या कारखान्याला. चुना फासणाऱ्यांना, विटा पाडणाऱ्यांना, पाय बघणाऱ्यांना. दोन वर्षं तो त्यांना आंधळे म्हणत होता, आणि ते चाळीस जण त्याचे आंधळे गणपती बघत, ऐकून घेत आणि गप्प राहत. भीतीने गप्प राहिले असते तर त्याला चाललं असतं. ते मायेने गप्प राहिले होते, आणि ते त्याला अजिबात सोसलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःचा तिटकारा आला, आणि तिटकारा करायची त्याला एवढी सवय होती की तोही त्याने मन लावून केला. दोन दिवस तो जेवला नाही. विड्याही ओढल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी जगन शिफ्ट बुडवून त्याला पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने काचबिंदू सांगितला. राहिली आहे ती नजर औषधाने टिकवू, गेली ती परत येणार नाही. "कधीपासून अंधुक दिसतंय?" डॉक्टरने विचारलं. महिपती म्हणाला, मला कधी अंधुक दिसलंच नाही. आणि ते खरं होतं. पस्तीस वर्षं पाठ झालेले डोळे तो न बघता काढत होता, आणि पाठ झालेला पिक्चर न बघता बघत होता.

आषाढात आखणी सुरू व्हायच्या सकाळी तो कारखान्यात गेला. रंग झालेल्या दीडशे मूर्ती फळ्यांवर रांगेत होत्या, सगळ्यांची तोंडं कोरी. त्याच्या बसायच्या पाटावर कुणी बसलं नव्हतं. कमळाकर पुढे आला आणि नेहमीसारखाच विचारलं, "मग महिपतदा, पास कोण झालं?"

"जनी," महिपती म्हणाला. "पिक्चरातलं तिला काय कळलं नाय. पण पास झाली."

त्याने पिशवीतून सखा मास्तरचा ब्रश काढला, तो सुनेच्या हातात दिला आणि आपल्या पाटाजवळून बाजूला झाला. कारखान्यात बाईने सगळ्यांसमोर डोळे काढल्याचं कुणी बघितलं नव्हतं, म्हणून रंगारी हातातलं काम ठेवून भोवती गोळा झाले. जनीने पदर कमरेला खोचला. भुवया काढल्या, पापण्या काढल्या, बुबुळं भरली. मग पांढऱ्या रंगात ब्रशचं टोक बुडवून तिने श्वास रोखला आणि एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात टेकवलं. ती उठली आणि सासऱ्याला जागा दिली.

महिपती वाकला. नाक मूर्तीच्या सोंडेला लागेल इतका वाकला. समोर दोन काळे डाग होते. चाळीस माणसं तो काय म्हणतो याची वाट बघत होती. एरवी अशा वेळी तो तोंड वाकडं करून एखादा शब्द फेकायचा आणि समोरच्याचं वर्ष वाया जायचं. आताही काहीतरी म्हणता आलं असतं. बरा हाय, म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? पण तसं न बघता बोलणाऱ्यांना तो आयुष्यभर काय काय म्हणाला होता ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

तो सरळ झाला. "मला दिसत नाय," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग चाचपडत त्याने शेजारच्या माणसाचा हात धरला, तो रघूचा निघाला.

"रघू, तू बघ रे. जीव बरोबर पडलाय काय?"

रघू वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. "बरोबर पडलाय, दादा," तो म्हणाला. "तुमी द्यायचात तसाच."

महिपतीने ते ऐकलं आणि मान हलवली. रघूचा शब्द मानण्यावाचून त्याला दुसरा उपाय नव्हता.